एक सभासद, एक मत आणि नेतृत्वाची निवड

अमेरिकेच्या ग्रामीण भागाला वीज पुरवणाऱ्या सहकारी संस्था दर जूनमध्ये आपल्या कार्यक्षेत्रातील शाळकरी मुलामुलींना आठवडाभरासाठी राजधानी वॉशिंग्टनला धाडतात. प्रवास, राहणे, जेवणखाण, सगळा खर्च संस्थांचा. मुले साधारण सोळा-सतरा वर्षांची असतात. ‘इलेक्ट्रिक कोऑपरेटिव्ह यूथ टूर’ या नावाने चालणाऱ्या या उपक्रमाचा जाहीर हेतू तरुणांमध्ये नेतृत्वगुण रुजवणे हा आहे, आणि १९५८पासून पन्नास हजारांहून अधिक विद्यार्थी त्यात सहभागी झाले आहेत. वरवर पाहता ही बक्षिसाची सहल आहे. तिच्या मुळाशी मात्र दोन अवघड प्रश्न दडलेले आहेत. सहकारी संस्थेत प्रत्येक सभासदाला एकच मत असते. तिथे कोणी थोर नाही, कोणी लहान नाही. अशा संस्थेने मोजकी मुले वेचून त्यांना नेते म्हणून घडवावे, हे तिच्या तत्त्वात बसते का? आणि त्याच्याही आधीचा प्रश्न असा की, सार्वजनिक कामाची लायकी शिकवून येते, की ती प्रत्येकाच्या ठायी असते आणि केवळ वापरात आणावी लागते?

हे प्रश्न समजण्यासाठी या संस्था कशातून उभ्या राहिल्या ते पाहावे लागते. १९३०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील शहरे विजेने उजळलेली होती, पण दहापैकी नऊ शेतघरांत वीज नव्हती. विरळ वस्तीत खांब रोवून तारा ओढणे खासगी कंपन्यांना परवडत नव्हते, निदान त्या तसे सांगत. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट उपचारासाठी जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे जाऊन राहत. तिथल्या त्यांच्या छोट्या घराला विजेचा दर युनिटला अठरा सेंट पडे. न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्कच्या घरी ते जे भरत त्याच्या सुमारे चौपट. ग्रामीण विद्युतीकरणाची कल्पना या बिलातून निघाली, असे त्यांनी १९३८ साली बार्न्सव्हिलच्या भाषणात सांगितले. ११ मे १९३५ रोजी त्यांनी ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन स्थापन केले आणि पुढच्या वर्षी त्याला कायद्याचा आधार मिळाला. सरकारने स्वस्त कर्ज देऊ केले. खासगी कंपन्यांनी त्यात फारसा रस दाखवला नाही, तेव्हा शेतकऱ्यांनीच पाच-पाच डॉलर प्रवेशशुल्क गोळा करून सहकारी संस्था काढल्या. संस्था उभी राहते आहे असे दिसताच काही कंपन्यांनी त्या भागातील चार सधन गिऱ्हाइकांपुरत्या तारा घाईघाईने ओढल्या, म्हणजे उरलेल्यांची संस्था तोट्यात जावी. तरीही १९५३पर्यंत नव्वद टक्क्यांहून अधिक शेतघरांत वीज पोहोचली होती. आज अशा सुमारे ९०० संस्था ४८ राज्यांत मिळून चार कोटींहून अधिक लोकांना वीज देतात.

या इतिहासात धार्मिक भावनेचाही एक धागा आहे आणि तो दुर्लक्षून चालत नाही. टेनेसीतील एका शेतकऱ्याने १९४०च्या दशकाच्या सुरुवातीस चर्चमध्ये उभे राहून साक्ष दिली, ही गोष्ट विद्युत सहकाराच्या वर्तुळात आजही सांगितली जाते. मनात देवाचे प्रेम असणे ही जगातली सर्वांत मोठी गोष्ट आणि त्याखालोखाल घरात वीज असणे, असे त्याच्या बोलण्याचे सार होते. प्रार्थनेच्या जागी विजेचा उल्लेख आज विचित्र वाटेल. पण विहिरीचे पाणी हाताने शेंदणाऱ्या आणि चुलीवर तापवलेल्या लोखंडी इस्त्रीने कपडे करणाऱ्या बाईच्या घरात पहिला दिवा लागला, त्या रात्रीला कृपेखेरीज दुसरे नाव सुचले नसेल. मात्र कृपा वरून येते आणि सहकार शेजाऱ्यांनी मिळून उभा करायचा असतो. वीज मिळाली ती सरकारी कर्जामुळे की गावाने एकत्र येऊन पाच डॉलर भरले म्हणून? याचे उत्तर पहिल्या पिढीला ठाऊक होते. जी पिढी दिवा असलेल्या घरातच जन्मली, तिला ते कोणीतरी सांगावे लागते. यूथ टूरची गरज इथून सुरू होते.

कल्पना लिंडन जॉन्सन यांची. टेक्सासच्या ज्या डोंगराळ मुलखात ते वाढले तिथे वस्ती इतकी विरळ होती की कर्जासाठी ठरवलेली, मैलामागे तीन ग्राहकांची अट पुरी होत नव्हती. तरुण लोकप्रतिनिधी असताना त्यांनी थेट रूझवेल्ट यांच्याकडे रदबदली करून तिथली पेडर्नालिस ही संस्था मार्गी लावली होती. १९५७ साली शिकागो येथे ग्रामीण विद्युत सहकारी संस्थांच्या राष्ट्रीय संघटनेची वार्षिक सभा भरली. ही संघटना १९४२ची. जॉन्सन तेव्हा सिनेटमधील बहुमतवाल्या पक्षाचे नेते होते. संस्थांनी आपल्या मुलांना राजधानी दाखवावी, देशाचा झेंडा कशासाठी फडकतो ते त्यांनी डोळ्यांनी पाहावे, असे त्यांनी सुचवले. टेक्सासच्या संस्थांनी काही मुलांना उन्हाळ्यात जॉन्सन यांच्याच कार्यालयात कामाला पाठवले. १९५८ साली आयोवातून ३४ मुलांची पहिली बस निघाली. त्याच वर्षी इलिनॉयमधूनही एक बस आली. १९६४पासून राष्ट्रीय संघटनेने सूत्रे हाती घेतली आणि त्या वर्षी १२ राज्यांतून सुमारे ४०० मुले आली. आता दरवर्षी अठराशे-दोन हजार येतात. साथीमुळे २०२० आणि २०२१ साली मात्र खंड पडला.

निवड स्थानिक संस्था करते आणि तिची पद्धत ठिकाणाप्रमाणे बदलते. बहुतेक ठिकाणी निबंध लिहावा लागतो, मग परीक्षकांपुढे मुलाखत. कुठे सहकाराच्या इतिहासावर लेखी प्रश्न असतात, कुठे छोटे भाषण. एका संस्थेच्या वाट्याला बहुधा एक ते चार जागा येतात. नंतर वॉशिंग्टनमध्ये प्रत्येक राज्य आपल्या तुकडीतून एकाला राष्ट्रीय युवा नेतृत्व मंडळावर पाठवते. म्हणजे गाळणी दोनदा लागते. हजारो कुटुंबांच्या संस्थेतून दोन मुले, आणि राज्याच्या सगळ्या मुलांतून एक.

सॉक्रेटिसला ही निवड पाहून गंमत वाटली असती. प्लेटोच्या ‘प्रोटॅगोरस’ या संवादात त्याने हाच मुद्दा उपस्थित केला आहे. अथेन्सच्या सभेत जहाजबांधणीचा विषय निघाला तर लोक फक्त जहाजे बांधणाऱ्याचे ऐकतात. भलताच कोणी बोलू लागला तर त्याला हसून खाली बसवतात. पण नगराच्या कारभाराचा विषय निघाला की सुतार, लोहार, चांभार, व्यापारी, गरीब, श्रीमंत कोणीही उठून मत मांडतो आणि ‘तू हे कुठे शिकलास’ असे त्याला कोणी विचारत नाही. म्हणजे कारभाराची विद्या शिकवता येते असे अथेन्सकरांना वाटतच नसावे. शिवाय पेरिक्लीससारख्या कर्तबगार पुढाऱ्याने आपल्या मुलांना बाकी सगळे शिकवले, पण स्वतःचे शहाणपण काही त्यांना देता आले नाही.

त्याच संवादातील सोफिस्ट प्रोटॅगोरस उत्तरादाखल एक कथा सांगतो. प्रॉमिथियसने देवांकडून अग्नी आणि कारागिरी चोरून माणसाला दिली. माणसे घरे बांधू लागली, अन्न पिकवू लागली. पण एकत्र राहू लागताच आपसात भांडून मरू लागली, कारण एकत्र राहण्याची कला त्यांच्याकडे नव्हती. तेव्हा झ्यूसने हर्मीसच्या हाती माणसांसाठी लाज आणि न्याय पाठवले. हर्मीसने विचारले, हे कलांसारखे वाटू का? वैद्य एक असला तरी पुष्कळांना पुरतो. झ्यूस म्हणाला, नाही, सर्वांना दे. कारण हे गुण मोजक्यांकडेच राहिले तर नगरेच उभी राहणार नाहीत.

विद्युत सहकाराची रचना या कथेशी चकित करण्याइतकी जुळते. वीज हा प्रॉमिथियसचा भाग. त्यासाठी अभियंते, तारतंत्री, लेखापाल लागतात, आणि ते थोडे असले तरी चालतात. वादळात खांबावर चढण्यासाठी सर्वांची संमती घ्यावी लागत नाही. संस्था चालवणे हा हर्मीसचा भाग. दर किती असावा, शिल्लक रक्कम सभासदांच्या नावे कशी वाटावी आणि किती वर्षांनी परत करावी, दूरच्या एकाकी शेतापर्यंत तार न्यायची तर तिचा भार सर्वांनी सोसावा का, हे प्रश्न तंत्राचे नाहीत. ते न्यायाचे आहेत, आणि म्हणूनच एक सभासद एक मत. नेतृत्वाला कारागिरीसारखे मानून गुणवंतांच्या हाती द्यायचे, तर झ्यूसने नाकारलेली वाटणीच पत्करावी लागते.

प्रोटॅगोरसचे उत्तर मात्र इथे थांबत नाही. गुण सर्वांना मिळाले म्हणजे ते आपोआप वाढतात असे तो म्हणत नाही. आई, दाई, बाप, शिक्षक, शेजारी सगळेच मुलाला ते शिकवत असतात. मातृभाषेचा एक गुरू दाखवता येत नाही, कारण सगळेच तिचे गुरू असतात, नीतीचेही तसेच. हा युक्तिवाद मान्य केला तर नेतृत्वाची शाळा काढण्यापेक्षा ज्या सभेत मूल वाढते ती सभा जिवंत ठेवणे अधिक मोलाचे ठरते. सहकाराच्या पहिल्या शिलेदारांना हे उमगले होते. इंग्लंडमधील रॉचडेल येथे १८४४ साली विणकर आणि इतर कामगारांनी दुकान काढले आणि पुढे नफ्यातील अडीच टक्के शिक्षणासाठी राखून वाचनालय चालवले. शिक्षण एकदोघा हुशार मुलांसाठी नव्हते. आंतरराष्ट्रीय सहकार संघाने १९९५ साली मँचेस्टरमध्ये मान्य केलेल्या सात तत्त्वांपैकी पाचवे शिक्षणाचे आहे. सभासद, पदाधिकारी आणि नोकर यांच्या शिक्षणाबरोबर त्यात सर्वसाधारण जनतेला, विशेषतः तरुणांना आणि लोकमत घडवणाऱ्यांना, सहकाराची ओळख करून देण्याचे सांगितले आहे. तरुण आणि वजनदार माणसे एकाच ओळीत आली आहेत. यूथ टूर या दोहोंची सांगड घालते: आज तरुण असलेल्यांत उद्याचे वजनदार शोधते.

ॲरिस्टॉटलने या वादात दोन गोष्टींची भर घातली आणि दोन्ही यूथ टूरला लागू पडतात. राजकारणाच्या व्याख्यानाला तरुण हा योग्य श्रोता नव्हे, असे तो ‘नीतिशास्त्रा’च्या आरंभीच सांगतो, कारण ज्या अनुभवांतून हा विचार निघतो ते त्याच्या गाठीशी नसतात. त्यावर उपाय व्याख्यान नसून सवय आहे. बांधून बांधून माणूस गवंडी होतो, वाजवून वाजवून वादक होतो, आणि न्यायाची कृत्ये करत न्यायी होतो. दुसरी गोष्ट त्याच्या ‘राजनीती’त येते. चांगला नागरिक तो, ज्याला सत्ता चालवता येते आणि दुसऱ्याची सत्ता मानताही येते, आळीपाळीने. पदे चिठ्ठी टाकून भरणे लोकशाहीला साजेसे आणि निवड करून भरणे मोजक्यांच्या राज्याला साजेसे, असेही तो नोंदवतो. अथेन्सची पाचशे जणांची समिती चिठ्ठ्यांनीच ठरे. या न्यायाने पाहिले तर वॉशिंग्टनला जाणारी मुले चिठ्ठी टाकून ठरवणे सहकाराला अधिक शोभले असते. निबंधस्पर्धेच्या बाजूने एक गोष्ट नक्की सांगता येते. निवड न झालेल्या मुलांनीही सहकाराबद्दल चार पुस्तके चाळलेली असतात. चिठ्ठीने ते घडले नसते.

आठवडा जातो कसा, हेही पाहण्याजोगे आहे. मुले लिंकन आणि जेफर्सन यांच्या स्मारकांच्या पायऱ्या चढतात, आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत अनाम सैनिकाच्या समाधीवरील पहारा बदलताना बघतात, ज्यू संहाराच्या संग्रहालयात जातात. पोटोमॅक नदीत बोटीवर एक संध्याकाळ काढतात. छातीला लावायच्या आपापल्या राज्याच्या पिना एकमेकांशी बदलतात. आठवड्याच्या शेवटी कोणाकडे किती राज्यांच्या पिना जमल्या याची चढाओढ लागलेली असते. एक दिवस संसदेच्या टेकडीवर जातो, आपापल्या मतदारसंघाचे खासदार आणि सिनेटर भेटतात. यात सवय लागण्यासारखे थोडेच आहे. स्मारक पाहून आदर निर्माण होतो आणि आदर ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पण सभेत अल्पमतात पडल्यावर हट्ट न धरता पुढच्या कामाला लागण्याची सवय स्मारकांसमोर लागत नाही.

ती लागते दुसऱ्या एका ठिकाणी. कॅन्सस, कोलोरॅडो आणि शेजारच्या राज्यांतील विद्युत संस्था कोलोरॅडोच्या डोंगरांत, स्टीमबोट स्प्रिंग्ज परिसरात, उन्हाळ्यात मुलांचे सहकार शिबिर भरवतात. तिथे मुले प्रत्यक्ष एक सहकारी संस्था काढतात, आणि तिचा धंदा असतो चॉकलेट-गोळ्यांचा. मुले सभासद होतात, संचालक मंडळ निवडतात, समित्या नेमतात, रोज सर्वसाधारण सभा घेतात आणि शिबिराचे छोटे दुकान चालवतात. यातून कोणाचा पोटापाण्याचा प्रश्न सुटत नाही. पण गोळ्यांच्या किमतीवरून हात वर करून मत दिलेले मूल आणि लिंकनच्या पुतळ्यासमोर उभे राहिलेले मूल, यांपैकी ॲरिस्टॉटलच्या कसोटीला पहिले उतरते. फ्रेंच विचारवंत टॉकव्हिल १८३१ साली अमेरिका हिंडून गेला आणि लोकशाहीची विद्या अमेरिकन माणूस अशाच लहानसहान मंडळांत शिकतो, असे त्याने लिहिले. त्याच्या म्हणण्याचा अर्थ राजधानीपेक्षा गोळ्यांच्या दुकानातच अधिक नीट उमजतो.

संसदेच्या भेटीतून एक वेगळा नैतिक प्रश्न उभा राहतो. विद्युत संस्थांची राष्ट्रीय संघटना ही केवळ शैक्षणिक संस्था नाही; वीजनिर्मिती, पर्यावरणाचे नियम, कर्ज आणि करांविषयीच्या कायद्यांत तिचे हितसंबंध आहेत आणि ते ती उघडपणे जपते. तिच्या सभासद संस्थांच्या खर्चाने आलेली मुले लोकप्रतिनिधींना भेटतात तेव्हा ती नागरिक म्हणून भेटतात की संघटनेचा हसरा चेहरा म्हणून? जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८५ साली मांडलेला नियम इथे नेमका लागतो: माणसाला केवळ साधन म्हणून कधी वापरू नये. ‘केवळ’ हा शब्द सुटू देता कामा नये. संस्थेचा फायदा होतो म्हणून उपक्रम दूषित ठरत नाही. शिक्षकालाही पगार मिळतोच. कसोटी अशी की, कोळशावरच्या विजेबद्दल किंवा दरवाढीबद्दल संस्थेच्या विरोधात जाणारे मत मुलाने त्या भेटीत मांडले, तर त्याचे स्वागत होते का. जिथे होते तिथे मूल हे साध्य राहते. जिथे त्याला आधीच ठरलेली वाक्ये पाठ करून दिली जातात, तिथे कांटचा आक्षेप टिकतो. विद्युत सहकाराचा जन्मच बड्या कंपन्यांच्या सोयीच्या मताला नकार देण्यातून झाला आहे, त्यामुळे आपल्या मुलांच्या नकाराला त्याने घाबरावे हे विसंगत ठरेल.

महाराष्ट्राचा या कथेशी प्रत्यक्ष संबंध आहे. १९६०च्या दशकात याच अमेरिकन संघटनेच्या सल्ल्याने भारतात पाच विद्युत सहकारी संस्थांचा प्रयोग झाला: उत्तर प्रदेशात लखनौ, गुजरातेत कोडिनार, कर्नाटकात हुक्केरी, तेव्हाच्या आंध्र प्रदेशात सिरसिल्ला आणि महाराष्ट्रात मुळा-प्रवरा. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याने सहकाराची जी जमीन कसली होती, तिच्यावरच श्रीरामपूर-राहुरी भागातील ही वीजसंस्था उभी राहिली. थकबाकी आणि दरांचे वाद वर्षानुवर्षे चिघळले आणि २०११मध्ये तिचा वीजपुरवठा महावितरणकडे गेला. हुक्केरी आणि सिरसिल्ला येथील संस्था टिकल्या. अमेरिकेतून खांब, मीटर आणि हिशेबाची पद्धत आली. मुलांना सभासदपणाची सवय लावणारा भाग त्या गाठोड्यात नव्हता. तो असता तर मुळा-प्रवरा वाचली असती असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण तिच्या अडचणी पैशांच्या आणि राजकारणाच्या होत्या. तरी एवढे खरे की, सहकाराने निवडणुका लढवणारे पुढारी महाराष्ट्राला भरपूर दिले. सभेत उठून ताळेबंदावर प्रश्न विचारणारे सभासद त्या मानाने फार कमी दिले.

हे दुखणे अमेरिकेतही आहे. तिथल्या बहुतेक विद्युत संस्थांच्या संचालक निवडणुकीत दहा टक्केही सभासद मतदान करत नाहीत. गणपूर्ती व्हावी म्हणून वार्षिक सभेला जेवण ठेवतात, सोडतीत बक्षिसे वाटतात. नेते कमी पडल्याचे हे लक्षण नाही. संचालकपदाला उमेदवार मिळतात. त्यांना निवडणारे आणि अडवणारे मिळत नाहीत. यूथ टूरचे खरे समर्थन करायचे तर ते या रिकाम्या खुर्च्यांच्या बाजूने करावे लागेल. दरवर्षी दोन हजार नेते तयार होतात, या दाव्यापेक्षा दोन हजार मुलांना वीज कंपनीची गिऱ्हाइके आणि वीज संस्थेचे मालक यांतला फरक कळतो, हा दावा लहान आहे आणि अधिक खरा आहे. त्यासाठी निवड करणे समतेविरुद्ध जात नाही, जोवर निवडलेल्या मुलाने परत येऊन आपल्याच वर्गात, आपल्याच गावच्या सभेत ते सांगावे अशी अपेक्षा असते. काही संस्था ती अपेक्षा ठेवतात आणि परतलेल्या मुलांना वार्षिक सभेपुढे बोलायला उभे करतात.

बोलून झाल्यावर मात्र मतदानाच्या वेळी ते मूल बाजूला बसते. या संस्थांत सभासदत्व वीजजोडणीशी बांधलेले आहे. मीटर ज्याच्या नावावर, मत त्याचे. आईवडिलांच्या घरात राहणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला ते नसते, आणि पुढे नोकरीसाठी तो खासगी कंपनीच्या हद्दीतील शहरात गेला तर त्याला ते कधीच मिळत नाही.